तळ्याकाठची पायवाट आणि नियमांची वही



सुट्टी लागली की तुम्ही मामाच्या गावाला जाता, हो की नाही? २०२३ च्या उन्हाळ्यात मी मात्र बहिणीच्या गावाला गेले, आणि हे बहिणीचं गाव निघालं थेट अमेरिकेत, शिकागो शहराच्या शेजारी! ताईने तिकीट पाठवलं आणि वर दमही दिला, "या वर्षी आली नाहीस तर बोलणारच नाही." आमच्या विदर्भात ऊन कडक, म्हणून शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे अर्धा जून मला तिकडे काढता आला.

शिकागोच्या उंच इमारती तुम्ही चित्रांत पाहिल्या असतील. त्यांच्याबद्दल आज मी काही सांगणार नाही. मी सांगणार आहे एका छोट्याशा गावाबद्दल. ते नकाशात शोधायचं तर भिंगच घ्यावं लागेल. गावाचं नाव लेक जिनिव्हा. शिकागोपासून साधारण १३० किलोमीटर, विस्कॉन्सिन राज्यात.

"जिनिव्हा तर स्वित्झर्लंडमध्ये!" असं तुमच्यातला एखादा हुशार विद्यार्थी लगेच म्हणेल. बरोबर आहे. पण १८३० च्या दशकात जॉन ब्रिंक नावाचा एक मोजणीदार इथे जमीन मोजायला आला. हे तळं पाहून त्याला न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा गावाची आठवण झाली आणि त्याने तेच नाव इथे देऊन टाकलं. त्याआधी इथे पोटावाटोमी नावाचे मूळ रहिवासी राहत होते. १८३६ मध्ये त्यांना हे तळं सोडून जावं लागलं. तळ्याभोवती त्यांची ये-जा करायची एक पायवाट होती. ती मात्र आजही आहे. तिच्याकडे आपण पुढे येऊच.

इथे यायचा हट्ट होता आमच्या भाचेरावांचा. वय वर्षं चौदा. गेली दोन वर्षं त्यांच्या डोक्यात एकच वेड, आणि त्या वेडाचं जन्मगाव म्हणजे हे लेक जिनिव्हा!

भातुकली, पण फाशांची

हे वेड कसलं, ते आधी सांगते. तुम्ही लहानपणी भातुकली खेळलात ना? "मी आई, तू बाबा, ही आपली मुलगी. आता मुलीला ताप आला." चोर-पोलीस खेळलात? "मी तुला गोळी मारली!" "नाही, लागलीच नाही!" आणि मग तिथेच भांडण सुरू. गोळी लागली की नाही, हे ठरवणार कोण?

आता कल्पना करा, की भातुकलीला कुणी नियमांची एक वही जोडली. चार-पाच जण टेबलाभोवती बसले. त्यांतला एक सूत्रधार. तो गोष्ट सांगतो : "तुम्ही एका पडक्या किल्ल्याच्या दारात उभे आहात. आतून कुणीतरी घोरण्याचा आवाज येतोय. काय करता?" बाकीचे जण एकेक पात्र होतात. कुणी शूर लढवय्या, कुणी जादूगार, तर कुणी चपळ चोर. प्रत्येकाच्या कागदावर त्याच्या पात्राची ताकद, चपळाई, हुशारी आकड्यांत लिहिलेली. "मी हळूच भिंतीवरून चढतो," असं म्हटलं की फासा टाकायचा. आकडा चांगला पडला तर चढला, नाहीतर धप्पकन खाली! म्हणजे गोळी लागली की नाही ते आता फासा सांगणार. भांडणच मिटलं. (खरं म्हणजे मिटत नाही. तेही पुढे येईलच.)

या खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे तळघरं आणि अजगर-राक्षस. जानेवारी १९७४ मध्ये तो याच गावातून बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स हे इथले राहणारे. आधी विमा कंपनीत नोकरी करायचे. ती सुटल्यावर घरी जोडे दुरुस्त करायचे आणि उरलेल्या वेळात युद्धाचे खेळ रचायचे. शेजारच्या मिनेसोटा राज्यातले डेव्ह आर्नसन १९७२ मध्ये त्यांच्याकडे एक नवा खेळ घेऊन आले. त्यात खेळाडूने सगळं सैन्य हलवायचं नव्हतं, एकाच माणसाच्या अंगात शिरायचं होतं. गायगॅक्स हरखून गेले. दोघांनी मिळून नियम लिहिले. पहिल्यांदा खेळून पाहणाऱ्यांत कोण होतं ठाऊक आहे? गायगॅक्स यांचीच मुलं, अर्नी आणि एलिस. आणि दोन-चार नावं समोर ठेवल्यावर "हेच नाव द्या" असा कौल दिला तो त्यांच्या आणखी लहान मुलीने!

खोक्यात तीन छोट्या पुस्तिका. किंमत १० डॉलर. पहिल्यांदा छापल्या फक्त १००० प्रती. त्या वर्षभराच्या आत संपल्या.

आणखी एक गंमत. या खेळाला आपले नेहमीचे सहा बाजूंचे फासे पुरत नाहीत. ४, ८, १२ आणि २० बाजूंचेही लागतात. ते त्या काळी मिळायचे कुठे? शाळांना गणिताचं साहित्य पुरवणाऱ्या एका दुकानाच्या यादीत! वर्गात शिकवण्यासाठी केलेले फासे किल्ल्यातल्या राक्षसांशी लढायला निघाले. मी शिक्षिका असल्यामुळे मला या गोष्टीचा भारीच आनंद झाला.

सेंटर स्ट्रीटवरचं गायगॅक्स यांचं घर आम्ही बाहेरूनच पाहिलं. साधंच घर, आपल्या गावातल्या पोस्टमास्तरांचं असावं तसं. हॉर्टिकल्चरल हॉल नावाची एक जुनी इमारतही पाहिली. १९६८ मध्ये गायगॅक्स यांनी ती ५० डॉलर भाड्याने घेऊन खेळ खेळणाऱ्यांचा मेळावा भरवला. जिनिव्हावरून त्याचं नाव पडलं जेन कॉन. तेव्हा सुमारे शंभर माणसं आली होती. हाच मेळावा आता इंडियानापोलिस शहरात भरतो आणि २०२३ मध्ये तिथे सत्तर हजारांहून जास्त लोक आले. भाचेराव त्या हॉलसमोर असे उभे राहिले, की जणू पंढरपूरच आलं!

भाचेरावांची जाड वही

पण मंडळी, एवढ्या लांब येऊनही आमचे भाचेराव खुशीत नव्हते. कारण घरीच सुरू झालं होतं.

शिकागोत त्यांची पाच जणांची टोळी होती. दर शनिवारी ताईच्या तळघरात डाव पडायचा. आधी सगळे किल्ल्यांत आणि राक्षसांत रमले. मग एकाला अंतराळाची गोष्ट हवी झाली, दुसऱ्याला भुताची, तिसऱ्याला नुसती धमाल, व्यंगचित्रांतल्या मांजर-उंदरासारखी. भाचेरावांनी यावर तोडगा काढला. साठवलेल्या पैशांतून एक जाड पुस्तक आणलं : गर्प्स. टेक्सासमधल्या स्टीव्ह जॅक्सन यांनी १९८६ मध्ये काढलेली ही नियमावली. तिच्या नावाचाच अर्थ असा, की सगळीकडे चालणारी. अंतराळ असो, भूत असो, जुना काळ असो की पुढचा, नियम एकच. सहा बाजूंचे तीन फासे टाका आणि बेरीज आपल्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी आली की काम फत्ते!

"मावशी, किती सोपं बघ," ते मला गाडीत समजावत होते. "नियम एकदा शिकायचे. मग कुठलीही गोष्ट खेळा. दरवेळी नवीन पुस्तक नको, नवा खर्च नको."

बोलणं पटण्यासारखंच होतं. मग बिघडलं कुठे? दोन मित्र हळूहळू यायचे बंद झाले. आणि घरातली छोटी, त्यांची नऊ वर्षांची बहीण, हिला तर खेळात घेतच नव्हते. "तिला एवढे आकडे झेपत नाहीत. सगळ्यांना थांबावं लागतं," असं भाचेरावांचं म्हणणं.

"मग कच्चा लिंबू घ्या तिला," मी आपला आपल्याकडचा उपाय सुचवला. कच्चा लिंबू म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. लहान भावंडाला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य नाही आणि ते आउटही होत नाही. भाचेराव लगेच तयार झाले. पण मागच्या सीटवरून छोटी ओरडली, "मला लिंबू नाही व्हायचं! मला खरं खेळायचंय!" आणि खिडकीकडे तोंड करून बसली. पुढे अर्धा तास गाडीत कुणीच बोललं नाही.

मुलांनो, खरं सांगते, मला वाईट वाटलं. वर्गात मी कितीदा एखाद्या मुलाला असं "लिंबू" करून ठेवलं असेल, असं मनात आलं.

न थांबणारी टपाल-होडी

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही होडीत बसलो. ही होडी म्हणजे लेक जिनिव्हाची खरी शान. साधारण १२ किलोमीटर लांबीच्या या तळ्याकाठी मोठमोठे बंगले आहेत. १८७१ मध्ये शिकागोत प्रचंड आग लागली, तेव्हापासून तिथल्या श्रीमंत कुटुंबांनी इथे घरं बांधायचा सपाटा लावला. पण तेव्हा रस्ते धड नव्हते. मग टपाल पोचवायचं कसं? होडीने! १९१६ पासून ही टपाल-होडी चालू आहे, आणि रस्ते झाले तरी लोकांनी ती सोडलेली नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात ती टपाल वाटते.

गंमत अशी, की होडी थांबतच नाही. धक्का जवळ आला की एक तरुण मुलगी हातात पत्रं घेऊन चालत्या होडीतून धक्क्यावर उडी मारते, पळत जाऊन पेटीत पत्रं टाकते, तिथली पत्रं उचलते आणि होडी पुढे निसटायच्या आत परत उडी मारून वर येते! एखादी उडी चुकली तर सरळ पाण्यात. आम्ही सगळे श्वास रोखून पाहत होतो. छोटी तर कठड्याला चिकटूनच होती. "ती पडू शकते ना, म्हणून एवढी मजा येते," ती मला म्हणाली. तिचं हे वाक्य लक्षात ठेवा.

होडीतून पलीकडच्या काठावर विल्यम्स बे हे गाव लागतं. तिथे यर्क्स वेधशाळा आहे. १८९७ पासूनची. तिच्यातली जवळजवळ एक मीटर व्यासाच्या भिंगाची दुर्बीण अशा जातीच्या दुर्बिणींत जगात सर्वांत मोठी समजली जाते. आपले डॉ. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३७ मध्ये इथे आले आणि पुढे पंचवीसहून जास्त वर्षं याच गावात राहिले. त्यांना १९८३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. एवढ्याशा गावात तो घुमट पाहून ऊर भरून आला.

एक वाट, पण पायाखाली वेगळी

दुपारी आम्ही त्या जुन्या पायवाटेने चालायला निघालो. पोटावाटोमींची वाट ती हीच. तळ्याला पूर्ण वळसा घालते, तीस किलोमीटरहून जास्त लांब आहे. आणि ऐका तर, ती चक्क लोकांच्या बंगल्यांच्या अंगणातून जाते! कोट्यधीश असला तरी वाट अडवता येत नाही. ती सगळ्यांना खुली आहे. फक्त आपल्या हद्दीतली वाट ज्याने त्याने नीट ठेवायची. त्यामुळे पायाखाली सारखा बदल. आता विटा, पुढे बारीक खडी, मग फळ्या, मग नुसतं गवत. कुणी आपल्या भागात वर्तुळाकार दगड बसवलेले, कुणी मधेच दोन पायऱ्या केलेल्या.

चालता चालता मी भाचेरावांना विचारलं, "तुझी ती एकच वही सगळीकडे चालते म्हणतोस. मग ज्यांनी पहिला खेळ काढला, त्यांनी दुसऱ्या गोष्टींसाठी काय केलं?"

भाचेराव जरा थबकले. माहिती त्यांना सगळी होती. गायगॅक्स यांच्या कंपनीने याच गावातून आणखी खेळ काढले. १९७५ मध्ये घोड्यांवरच्या बंदूकवाल्यांचा बूट हिल, १९७८ मध्ये उद्ध्वस्त झालेल्या जगाचा गॅमा वर्ल्ड, १९८० मध्ये हेरांचा टॉप सीक्रेट, १९८२ मध्ये अंतराळाचा स्टार फ्रंटियर्स. आणि प्रत्येकाचे नियम निराळे! राक्षसाच्या शंभर घावांतून वाचणारा वीर गोष्टीत शोभतो, पण बंदूकवाल्याच्या गोष्टीत एका गोळीची भीती वाटलीच पाहिजे.

"पण मावशी," भाचेरावांनी वकिली केली, "त्याच गायगॅक्स यांनी १९७७ पासून मोठी, पक्की पुस्तकं काढली. सगळीकडे एकच नियम असावेत म्हणून. मेळाव्यात चार गावांची चार मुलं एका टेबलावर बसली, तर प्रत्येकाचे घरचे नियम वेगळे कसे चालतील?"

मुद्दा बिनतोड होता. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये "एक टप्पा आउट" चालतं, पण दुसऱ्या गल्लीशी सामना ठरला की आधी नियम ठरवावे लागतात. अनोळखी लोकांशी खेळायचं असेल तर एक वही हवीच.

मग त्यांनीच आणखी एक गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियातल्या केऑसियम कंपनीने १९८० मध्ये एक फक्त सोळा पानांची नियमावली काढली. तिचा सांगाडा कुठल्याही गोष्टीला बसावा असा. पण १९८१ मध्ये त्याच सांगाड्यावर कॉल ऑफ क्थुलू हा भयकथेचा खेळ रचताना त्यांना एक नवीनच आकडा जोडावा लागला : मनाचा तोल. भयानक काही पाहिलं की हा आकडा कमी होतो. सांगाडा तोच, पण भीतीसाठी नवा अवयव लावावा लागला.

"आणि तुझ्या गर्प्सवाल्यांनी?" मी विचारलं.

भाचेराव हसले. "त्यांनीच त्याआधी, १९८४ मध्ये, टून नावाचा खेळ काढलाय. व्यंगचित्रांचा. त्यात कुणी मरतच नाही. डोक्यावर हातोडा पडला तर फक्त पडायचं, तीन मिनिटं गप्प बसायचं आणि परत उठायचं."

म्हणजे सगळीकडे चालणारी वही काढणाऱ्यांच्याच कपाटात हसण्यासाठी वेगळी वही होती! हे बोलून झाल्यावर भाचेराव बराच वेळ गप्प चालत होते. पायाखालच्या विटा संपून गवत लागलं होतं.

लगोरी आणि भूत

संध्याकाळी आम्ही तळ्याकाठच्या बागेत बसलो. शेजारीच गावाचं वाचनालय, म्हणून बागेचं नाव लायब्ररी पार्क. ताई, भाऊजी, मी, भाचेराव आणि रुसलेली छोटी. भाचेराव म्हणाले, "चला, भुताचा डाव टाकू. छोटीलाही घेतो. खरंखुरं." आणि जाड वही उघडली.

गोष्ट छान रंगली होती. तळ्याकाठचा बंद बंगला, वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी पावलांचा आवाज. छोटीने विचारलं, "मी हळूच दार उघडून बघू?" भाचेराव हिशेब करू लागले. अंधार म्हणून इतके वजा, दार जुनं म्हणून इतके, हातात दिवा आहे म्हणून इतके अधिक. पान उलटलं, पुन्हा मागे गेले. तोवर भाऊजींनी दोन जांभया दिल्या. शेवटी आकडा ठरला, फासे पडले, दार उघडलं. पण भीती केव्हाच पळून गेली होती! छोटी गवत उपटत बसली.

चूक वहीची नव्हती बरं का. भाचेरावांना ते हिशेब मनापासून आवडतात. त्यांच्यासारखे चार जण असते तर तोच डाव रंगलाही असता. पण टेबलाभोवती त्या दिवशी आम्ही होतो.

मला आपली लगोरी आठवली. काठावर चपटे दगड भरपूर होते. मी म्हटलं, "फासे ठेव बाजूला. ज्याला काही धोक्याचं करायचंय, त्याने एक दगड या ढिगावर ठेवायचा. ढीग पडला, की भुताने त्याला धरलं!"

"अगं, असा खेळ आहे!" भाचेराव ओरडले. "ड्रेड! २००५ सालचा. त्यात लाकडी ठोकळ्यांच्या मनोऱ्यातून एकेक ठोकळा काढतात." म्हणजे माझी अक्कल काही नवी नव्हती. पण डाव सुरू झाला.

पहिले चार दगड सहज बसले. सहावा ठेवताना भाऊजींचा हात थरथरला. आठव्याला ताईने डोळेच मिटले. भाचेराव दबक्या आवाजात सांगत होते, "पावलं आता जिन्यावर आलीत..." छोटीची पाळी आली. "मी भुताला विचारते, तुला काय हवंय." तिने दगड उचलला. जीभ बाहेर, श्वास बंद. ठेवला... आणि खडखडखड! सगळा ढीग कोसळला.

क्षणभर कुणी बोललंच नाही. मला वाटलं, आता ही रडणार. पण छोटी टाळ्या पिटत उभी राहिली. "मी आउट! मी खरी आउट झाले!"

मुलांनो, आउट झाल्याचा एवढा आनंद मी जन्मात पाहिला नव्हता. लिंबू कधी आउट होत नाही ना! सकाळची तिची ती उडी मारणारी मुलगी मला आठवली.

आता तुम्ही म्हणाल, बाईंनी जिंकलं. थांबा. दुसऱ्या दिवशी घरी परतल्यावर मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "आता अंतराळाचा डावही दगडांवरच खेळू." यान भरकटलंय, इंधन किती उरलंय, हवा किती दिवस पुरेल, कुणाला वाचवायचं? पहिल्या पाच मिनिटांतच पंचाईत झाली. इंधनाचा हिशेब दगड कसा सांगणार? तिथे आकडेच हवेत, वजाबाकीच हवी. भाचेरावांनी शांतपणे जाड वही पुढे ओढली आणि त्या दिवशीचा डाव तिच्यावर झकास झाला. मी हिशेबात दोनदा चुकले आणि माझ्यामुळे यानातली हवा संपली, ते वेगळंच!

मग एक वही पुरते की नाही?

निघायच्या आदल्या रात्री भाचेरावांनी मला हाच प्रश्न विचारला. मी जे म्हटलं, ते तुम्हालाही सांगते. एक वही सगळ्या गोष्टींना ताणून पुरवता येते. थोडं जोडायचं, थोडं गाळायचं, की झालं. पण ती सगळ्या मुलांना पुरेल असं नाही. म्हणून आधी टेबलाभोवती कोण बसलंय ते पाहावं आणि मग वही उघडावी. कुणाला हिशेब आवडतो, कुणाला नुसतं बोलायला, तर कुणाला धडधड हवी असते. काही गोष्टी मात्र कुठल्याही वहीत बदलत नाहीत. प्रत्येकाची पाळी यायला हवी, शंका आली तर कोण ठरवणार ते आधी ठरायला हवं, आणि प्रत्येकाला खरंखुरं हरता यायला हवं.

भाचेरावांनी त्या दोन मित्रांना फोन केला. या वेळी "काय खेळायचं ते तुम्ही सांगा" असं म्हणाले. एक जण आला. दुसऱ्याला आता बास्केटबॉल जास्त आवडतं, तो नाही आला. असंही होतं. छोटी मात्र दर शनिवारी हजर असते आणि दर शनिवारी आउट होते, असं ताई सांगते.

आणि मी? आमच्या शाळेत शिक्षक दोनच. माझ्याकडे तिसरी आणि चौथी एकत्र बसतात. परत आल्यावर मी वर्गात आठवडी बाजाराचा डाव मांडला. कुणी भाजीवाला, कुणी गिऱ्हाईक, कुणी बांगडीवाली. माझा नियम असा होता, की मोठ्याने बोलून भाव करायचा. एक मुलगा गप्पच बसला. तो अडखळत बोलतो. पूर्वी मी त्याला म्हटलं असतं, "तू नुसता बघ हं." या वेळी मी नियमच बदलला : भाव पाटीवर लिहूनही करता येईल. त्या मुलाने दहा रुपयांची मेथी सहा रुपयांना पाडून घेतली! आणि पुढच्या डावात मेथीवालीने त्यालाच हरवलं. दोघंही खूश.

करून पाहा

सहा बाजूंचे तीन फासे घ्या. ते एकत्र टाका आणि बेरीज लिहा. असं शंभर वेळा करा. तिन्ही फासे मिळून २१६ प्रकारे पडू शकतात. त्यांत बेरीज ३ येण्याचा प्रकार एकच, १८ येण्याचाही एकच. पण १० येण्याचे प्रकार २७ आणि ११ येण्याचेही २७! म्हणजे मधले आकडे सारखे येतात, टोकाचे क्वचित. आता १ ते २० आकड्यांच्या सारख्या वीस चिठ्ठ्या करा. एक चिठ्ठी काढा, आकडा लिहा, परत टाका. असंही शंभर वेळा करा. इथे १ काय, १० काय आणि २० काय, सगळ्यांना सारखीच संधी. गर्प्समध्ये पहिली तऱ्हा आहे, आणि डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये राक्षसावर वार करताना वीस बाजूंचा फासा टाकतात, ती दुसरी. कुठल्या तऱ्हेत हुशार पात्र भरवशाने जिंकेल? आणि कुठल्या तऱ्हेत एखादा नवखाही राक्षसाला लोळवेल? तुम्हाला कुठली आवडली, आणि तुमच्या धाकट्या भावंडाला कुठली?

उत्तर या साप्ताहिकाच्या पत्त्यावर मला जरूर कळवा. पण धाकट्याचं उत्तर त्यालाच लिहू द्या बरं का!